वाटे सांगणारे दोघे

आमच्या घरात काहीही वाटायचं असलं, की एकाला भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागे. ही रीत बाबांनी गावच्या तळ्यावरून आणली होती. आम्ही मूळचे मासेमार. बाबा घुग्घुसच्या कोळसा खाणीत लागले आणि गाव सुटलं, पण तळ्यावरचा आमचा हिस्सा सुटला नव्हता. जाळं ओढण्याच्या दिवशी काठावर पळसाची पानं अंथरून माशांचे सारखे वाटे घालत. मग एक जण सगळ्यांकडे पाठ करून उभा राही. दुसरा एकेका वाट्यावर काडी टेकवून विचारी, "हा कोनाचा?" आणि पाठमोरा माणूस न बघता कोणाचं तरी नाव घेई. नाव निघालं त्याने तो वाटा मुकाट्याने उचलायचा. घरी आई आंब्यांपासून मरळीच्या तुकड्यांपर्यंत सगळं असंच वाटे. लहानपणी एकदा माझी पाळी असताना समोरच्या फळीवर नुकतीच घासलेली पाण्याची पितळी गुंडी ठेवलेली होती. त्या गुंडीत मला मागचं सगळं दिसत होतं. मी मोठा तुकडा माझ्या नावावर घेतला. कोणालाही कळलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या हकिकतीतला माणूस तोच आहे.

घर आमचं बोळासारखं लांब होतं. पुढे बैठकीची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, मग उघडं आंगण आणि आंगणाच्या पलीकडे बाबांनी मागाहून बांधलेली एक खोली. खाणीची धूळ कुठेही येई. दोरीवर वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी राखाडी होऊन घरात यायचं, आणि पाण्याच्या माठावर आई दुहेरी फडकं बांधायची. दुपारी भोंगा वाजला की आई चुलीवरचं भांडं हाताने धरून बसे. मग खाणीत सुरुंग उडत, फळीवरच्या ताटल्या खणखणत, आणि ती भांडं सोडून पुन्हा कामाला लागे. पाळी सुटली की मोटारसायकलींचा लोंढा दारावरून जायचा. त्यातली बाबांची गाडी आई आवाजावरून ओळखायची आणि ताट वाढायला घ्यायची. भात, लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी आणि तळ्यावरून काही आलेलं असलं तर मासे. मरळीचं डोकं मात्र वाट्यांत कधी नसायचं. ते बाबा स्वतःच्या हाताने ज्याच्या ताटात वाढतील त्याचं. दहावी पास झालो तेव्हा ते माझ्या ताटात पडलं होतं. डिप्लोमाला लागलो तेव्हाही.

आत्याचा मुलगा मल्लेश आमच्याकडे आला तो तिच्या मरणानंतर. आत्या सिरोंच्याला दिली होती. तिच्या घरी सगळे तेलुगू बोलत, त्यामुळे मल्लेशची मराठी आमच्याहून वेगळ्या चालीची होती. बाबांना तो मामय्या म्हणे आणि आईला अत्ता, म्हणजे तेलुगूत मामी. आई हसून म्हणायची, "अरे, आत्या तं तुही माय होती ना माही नणंद. मी कायची अत्ता?" तरी तो अत्ताच म्हणत राहिला, आणि चार महिन्यांत आई त्या हाकेला पहिल्या हाकेत ओ देऊ लागली. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, काटकुळा, बारावी अर्धवट सोडलेला. येताना त्याने एक पत्र्याची पेटी, मिरचीच्या लोणच्याची बरणी आणि एक मोडका रेडिओ आणला होता. दुसऱ्या दिवशी तो रेडिओ बोलू लागला. बाजारातल्या हनीफभाईंनी त्याला आपल्या दुकानात मोबाइल आणि टीव्ही दुरुस्तीला ठेवून घेतलं. एखादं काम पुरं झालं की तो हात झटकून स्वतःशीच "अयिपोयिंदी" म्हणे. म्हणजे झालं. आईसुद्धा भात उतरवताना अयिपोयिंदी म्हणायला लागली होती. मला ते ऐकवत नसे.

मी तेव्हा चंद्रपूरच्या एका संस्थेतून संगणक आणि नेटवर्किंगचा डिप्लोमा करून घरी बसलो होतो. भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र होतं, टेबलावर जुना लॅपटॉप होता, आणि माझ्यासाठी म्हणून बाबांनी बैठकीत फोनच्या लाइनवर इंटरनेट घेतलं होतं. ती पांढरी पेटी बैठकीत लुकलुकायची. मी आणि मल्लेश झोपायचो मागच्या खोलीत, आणि तिथपर्यंत तिचं वायरलेस पोचत नसे. आंगणातल्या तुळशीपर्यंत यायचं आणि तिथेच संपायचं. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी आंगणात बसायचो, कीबोर्डवर कोळशाची धूळ बसायची.

एक दिवस हनीफभाई स्वतः घरी आले. मोहर्लीला जंगलाच्या तोंडाशी एका ओळखीच्या माणसाने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या. फोनची लाइन ऑफिसात, खोल्या मागे झाडीत. वाघ बघायला आलेले पाहुणे खोलीत इंटरनेट मागत. ते काम हनीफभाईंनी घेतलं होतं आणि त्यांना करणारा माणूस हवा होता. त्यांनी एक वापरलेला राउटर माझ्या हातात दिला. म्हणाले, "बेटा, तुम्ही शिकलेले. पहले घर में करके दिखाव. पुढच्या डब्यातून वायर काढा, हा डबा मागे लावा. तुमच्या मागच्या खोलीत चाललं तं मोहर्लीत बी चालन. मग तिथलं काम तुमचं, अन् पुढं जंगलातले बाकीचे बी."

आठ दिवस मी त्या डब्याशी झुंजलो. वायर टाकली, डब्याच्या मागच्या पाच भोकांपैकी निराळ्या रंगाच्या भोकात खोचली, कारण वर्गात तसंच शिकवलं होतं. वायरलेसचं नाव दिसायचं, लॅपटॉप जोडलाही जायचा, पण एक पान उघडेल तर शपथ. चूक अगदी प्राथमिक होती. दोन्ही पेट्यांचा पत्ता एकच होता आणि दोघीही आपापल्या परीने घर चालवायला बसल्या होत्या. आज हे मी दोन मिनिटांत सांगतो. तेव्हा मात्र मी बाबांसमोर डबा टेबलावर आपटला आणि म्हणालो, "हा खराब आहे. यात काही अर्थ नाही."

मल्लेश म्हणाला, "दादा, मी पाहू का?"

"पाह्य ना. तुले इंग्रजी येते का पन?"

तो नुसता हसला. पुढचे दोन दिवस दुकानातून आला की तो डब्यासोबतचं छोटं पुस्तक घेऊन बसे, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. न कळलेला शब्द मला विचारायचा आणि मी मुद्दाम अर्धवट सांगायचो. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने वायर निराळ्या भोकातून काढून एका रंगाच्या चार भोकांपैकी एकात खोचली, लॅपटॉपवर डब्याच्या सेटिंगचं पान उघडून त्याचा पत्ता बदलला, त्या पानावरची एक खूण काढून टाकली आणि हात झटकून म्हणाला, "अयिपोयिंदी." मागच्या खोलीत खाटेवर बसून आईने पहिल्यांदा लॅपटॉपवर गोदावरीचा फोटो बघितला.

संध्याकाळी बाबा पाळीवरून आले. आईने मासे केले होते. बाबांनी मागच्या खोलीत जाऊन सगळं बघितलं आणि विचारलं, "काऊन बाप्पा, डबा तं खराब होता म्हने?"

"खराब नव्हता मामय्या," मल्लेश म्हणाला. "दादाले जमलंच असतं, घाई झाली. असं पाहा. तळ्यावर वाटे सांगाले पाठ करून किती जन उभे राहतेत?"

"एक."

"आनि दोघं उभे राह्यले तं?"

"तं एका वाट्याले दोन नावं अन् डोकेफोड!" बाबा हसले.

"बस, तेच होऊन राह्यलं होतं. घरात जो फोन, जो लॅपटॉप येते त्याले डबी एक पत्ता देते. दोन्ही डब्या पत्ते वाटून राह्यल्या होत्या. मी मागच्या डबीले म्हनलं, तू नावं नको सांगू. तू फकत वाटा पोचव. नावं सामोरची सांगन."

बाबा मांडी थोपटून म्हणाले, "वा रे पोट्ट्या! ज्याले दोन वर्षं चंद्रपूरले पाठवलं त्यानं मले कधी असं सांगतलं नाई." त्यांनी मला टोमणा मारला नव्हता. ते फक्त खूश होते. खरं म्हणजे मी त्यांना काहीच कधी सांगितलं नव्हतं. त्यांना कळणार नाही असं मी धरून चाललो होतो. मग जेवायला बसलो, आणि मरळीचं डोकं मल्लेशच्या ताटात पडलं.

त्याने ते उचलून माझ्या ताटात ठेवायचा प्रयत्न केला. "दादा, तू घे ना." मी ताट बाजूला ओढलं. डोकं माझ्या ताटात आलं असतं तर गोष्ट मिटली असती, असं मला पुष्कळ वर्षं वाटे. आता वाटत नाही. माझ्यात जे उठलं होतं ते डोक्याने निवलं नसतं. मला माझा वाटा नको होता. त्याला तो मिळायला नको होता.

हनीफभाई शुक्रवारी नमाजनंतर बघायला येणार होते. मल्लेशने डब्याचं पान उघडायचा पासवर्ड मला आपण होऊन सांगितला होता. "मी दुकानात असलो आनि काई बिघडलं तं तू पाहशील." शुक्रवारी दुपारी भोंगा झाला, आई चुलीवरचं भांडं धरून बसली, आणि मी मागच्या खोलीत ते पान उघडून मल्लेशने काढलेली खूण पुन्हा लावली. एवढंच. मागची डबी पुन्हा नावं सांगू लागली. यातली खुबी मी आधीच तपासली होती. आमच्या जुन्या लॅपटॉपला समोरच्या पेटीचा पत्ता आधीच मिळालेला असल्यामुळे तो चालूच राही. नव्याने येणाऱ्याला मात्र मागची डबी स्वतःकडचा पत्ता देऊन मोकळी होई, आणि त्या पत्त्यावरून बाहेर जायला रस्ताच नसे. माझ्या शिक्षणाचा हा पहिला उपयोग.

हनीफभाईंनी आपला लॅपटॉप उघडला. जोडला गेला. पान उघडेना. मल्लेश आंगणातून बैठकीत आणि बैठकीतून आंगणात धावत राहिला, वायर हलवून बघत राहिला; ते पान त्याने सकाळीच तपासलं होतं, म्हणून पुन्हा उघडायचं त्याच्या मनात आलं नाही. "चाचा, सकाळी चालू होतं. अत्ताले विचारा." आई म्हणाली, "होतं जी, मी सोता पाह्यलं." हनीफभाई चांगले माणूस. म्हणाले, "कोई बात नहीं. अगले जुम्मे को फिर आतो." ते गेल्यावर मी खूण काढली. तासाभराने मल्लेशने दुकानातला एक फोन आणून लावून बघितला तर सगळं सुरळीत.

तो आठवडा मला विसरता येत नाही. मल्लेशने वायरीची दोन्ही टोकं कापून नवीन बसवली. धूळ जाते म्हणून डब्यासाठी आईच्या जुन्या लुगड्याची खोळ शिवली. उंदराने कुरतडलं असेल म्हणून आंगणावरून गेलेली सगळी वायर बोटांनी चाचपली, उन्हात, शिडीवर उभा राहून. मी शिडी धरली होती. तो वरून म्हणाला, "दादा, तुले काय वाटते?" मी म्हणालो, "वायरच असन." त्याचं जेवण कमी झालं. एकदा तो आईला म्हणाला, "अत्ता, हे काम झालं ना, तं मी इथंच राहीन. सिरोंच्याले आता माहं कोन हाय?" तेव्हा मी तिथेच कांदा सोलत बसलो होतो. त्याच्या दृष्टीने सगळं काय पणाला लागलं आहे ते मी ऐकलं, आणि तरीही पुढच्या शुक्रवारी भोंगा झाल्यावर मागच्या खोलीत गेलो.

या खेपेला बाबाही घरी होते. हनीफभाईंचा लॅपटॉप जोडला गेला, पान उघडेना. मल्लेशचा चेहरा असा उतरला की आईने पाण्याचा पेला नेऊन त्याच्या हातात दिला. हनीफभाई उठायला लागले. आणि मी, ज्याने हे फक्त मोडायचं ठरवलं होतं, पुढे झालो. म्हणालो, "थांबा जरा, मी पाहतो." आमच्या लॅपटॉपवर ते पान उघडलं, खूण काढली, त्यांना म्हटलं, "एकदा बंद करून परत जोडा." पान उघडलं. हनीफभाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आखिर शिकलेला तो शिकलेला. मोहर्ली तुमचं!" बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला हवा होता. तो कसा लागला ते सांगू? ओल्या पोत्यासारखा.

"काय झालं होतं गा?" बाबांनी विचारलं.

आणि माझ्या तोंडून निघालं, "वाटे सांगनारे दोघं झाले होते."

ते मल्लेशचं वाक्य होतं. म्हणताना मला माझी चूक कळली नाही, त्याच्याकडे बघितल्यावर कळली. मागच्या डबीचं तोंड त्याने स्वतःच्या हाताने बंद केलं होतं. दर सकाळी तो ते पान तपासायचा. पासवर्ड दोघांनाच ठाऊक होता. हातातला पेला त्याने हळूच खिडकीत ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मोजून बघावं तसं. मग हनीफभाईंना म्हणाला, "चाचा, दादाले घेऊन जा. त्याले जमते."

दोन दिवसांनी गावच्या तळ्यात जाळं ओढायचं होतं. आम्ही तिघे गेलो. पानांवर वाटे मांडले गेले. बाबा म्हणाले, "मल्लेश, आज तू उभा राह्य." तो म्हणाला, "नाई मामय्या, दादाले करा उभं." मी सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिलो. समोर पाणी होतं, त्यात कोणाचंच काही दिसत नव्हतं. काडी मल्लेशच्या हातात होती. "हा कोनाचा?" त्याने विचारलं. मी नाव घेतलं. "हा कोनाचा?" मी नाव घेतलं. तिथे, कोणाच्याही डोळ्यांत न बघता, मी सांगू शकलो असतो. सतरा वाटे होते. सतरा वेळा मी नुसतं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मल्लेश सिरोंच्याला गेला. बाबांना वाटलं त्याला घरची ओढ लागली. आई बरेच दिवस भात उतरवताना मधेच थांबायची आणि काहीच न म्हणता झाकण ठेवायची.

मोहर्लीचं काम मी केलं. पुस्तकात बघून नव्हे, मल्लेशने केलं तसंच. त्यातून दुसरी कामं आली, त्यावर घर झालं, मुलं शिकली. त्या जंगलाच्या कडेला कितीतरी खोल्यांत लुकलुकणाऱ्या डब्या मी लावल्या, आणि प्रत्येक वेळी ती खूण काढताना माझा हात किंचित थांबतो. बायकोला हे मी आजवर सांगितलेलं नाही. वाचूनच कळेल तिला.

बाबा गेल्याचा निरोप द्यायला मी सिरोंच्याला गेलो. फोनवर सांगता आलं असतं, पण गेलो. मल्लेश नदीवर जातो आणि होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. केस माझ्याआधी पांढरे झालेले. तो खूप वेळ रडला. मग उठला आणि म्हणाला, "जेवून जाशील." त्याच्या बायकोने अंगणात मासे निवडून ठेवले होते. शेजारच्या घरालाही द्यायचे होते. मल्लेशने केळीच्या पानावर चार वाटे केले आणि सवयीने इकडेतिकडे बघितलं. मी म्हणालो, "मी राहतो उभा."

मी भिंतीकडे तोंड केलं. नुकती सारवलेली भिंत होती. तीत काही दिसायचा प्रश्न नव्हता. मागून काडीचा आवाज आला.

"हा कोनाचा?"

"मल्लेश," मी म्हणालो, "ते मी केलं होतं. दोन्ही शुक्रवारी. डबा, वायर, सगळं बरोबर होतं. मी केलं होतं ते."

नदीकडून एका इंजिनाची फटफट आली आणि लांब गेली. मग त्याने काडी पुन्हा पानावर टेकवली.

"ते मले तवाच मालूम होतं, दादा," तो म्हणाला. "हा कोनाचा, ते सांग."